शंभर व्होल्टचं योकोहामा

कैरीची डाळ वाटायला घेतली की मला योकोहामा आठवतं. हसू नका. मी योकोहामाला कधी गेले नाही आणि आता जाणारही नाही. माझे गुडघे मला गणपतीच्या देवळापर्यंत नेऊन परत आणतात हेच पुष्कळ. पण चैत्र आला, घरोघरी गौर पाळण्यात बसली, हळदीकुंकवाची बोलावणी सुरू झाली, की डाळ-कैरीच्या आंबट वासामागोमाग मला जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो. घरात काही जळत नसतं. जळायचं ते तीस वर्षांपूर्वी जळून गेलं, पण नाक काही विसरत नाही.

परवा समोरच्या घरातली कॉलेजात जाणारी मुलगी पन्हं पिता पिता म्हणाली, "काकू, जपानमध्ये म्हणे अजून फॅक्स वापरतात. कागदावर शिक्के मारत बसतात. कसला जुनाट देश!" मी पन्ह्याचं भांडं खाली ठेवलं आणि तिच्याकडे असं काही पाहिलं की तिला वाटलं, काकूंना चक्कर येतेय. ज्या गावाच्या हेव्यात मी ऐन उमेदीतले चैत्र काढले, ते गाव ही पोर एका घोटात जुनाट ठरवून मोकळी झाली. मग मी जळले ते कशासाठी? अगं बाई, तेव्हा ते जुनाट नव्हतं. तेव्हा पुढचं म्हणून जे काही होतं ते सगळं तिथे होतं, आणि आम्ही इथे सांगलीत मिक्सरचं बटण दाबण्याआधी वीज आहे का ते बघत होतो.

हेव्याचं मूळ आधी सांगून टाकते. योकोहामाचं ते स्थळ पहिल्यांदा मला आलं होतं.

माझं माहेर साताऱ्याचं. नव्वद साल उजाडायच्या सुमाराला सांगलीहून हे स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, कंपनी त्याला जपानला पाठवणार, लग्न करून बायकोला घेऊनच जायचं. फोटो आला. आईने तो देवापुढे ठेवला, मावशीने उचलून उजेडात धरला, आणि वडील म्हणाले, "नको. तिकडे भूकंप होतात." साताऱ्यात बसून म्हणाले हो हे! कोयनेच्या धक्क्याने आमच्या फळीवरचे डबे वाजायचे तेव्हा आई फोडणीवरून हात न काढता "झाला वाटतं" म्हणायची आणि वडील पेपरातून मान वर करत नसत. त्यांचं आजोळ तर पाटणचं, अगदी कोयनेच्या कुशीतलं. पण घरचा भूकंप चालतो, परका चालत नाही. सगळा दोष त्यांच्यावर ढकलता आला असता तर किती बरं झालं असतं! पण त्यांनी मला विचारलं होतं, "मंदे, तुझं काय म्हणणं?" आणि मी फोटोकडे बघून म्हटलं होतं, "कान जरा मोठे वाटतात." एवढ्यावर मी योकोहामा घालवलं.

मावशीला ना भूकंपाचं काही वाटलं ना कानांचं. तो फोटो तसाच पिशवीत घालून ती रहिमतपूरला परत गेली आणि दोन महिन्यांत माझ्या मावसबहिणीचं, शैलाचं, लग्न लागलं. माझ्याहून वर्षाने लहान. बोहल्यावर तिच्यामागे करवली म्हणून मीच उभी होते आणि नवऱ्या मुलाचे कान सारखे बघत होते. बेताचेच होते. पुढच्या वर्षी माझंही जमलं, आणि तेही सांगलीतच, शैलाच्या सासरापासून दोन गल्ल्या सोडून. नवरा तासगावकडच्या खेड्यातला, सांगलीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. माणूस सरळ, बोलणं कमी, कान लहान.

जपानात एप्रिलच्या शेवटाला सलग सुट्ट्या असतात म्हणे. त्या बरोबर आमच्या चैत्रातल्या हळदीकुंकवावर यायच्या. त्यामुळे शैला ऐन चैत्रात सांगलीला उतरायची आणि तिच्या सासूबाई, माई, आपलं हळदीकुंकू तिच्या येण्यावर धरायच्या. गौरीपुढची आरास म्हणजे आमच्याकडे बायकांच्या अब्रूचा प्रश्न. पायऱ्या मांडायच्या, त्यावर करंज्या, लाडू, मातीची खेळणी, कापडी बाहुल्या, आणि मधोमध कलिंगडाचं कमळ. कमळ कोरण्यात माझा हात कुणी धरला नसता. साताऱ्याहून मी तेवढंच घेऊन आले होते.

आणि माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात माईंच्या पायऱ्यांवर काय होतं? आपोआप उघडणारी छत्री. पेन्सिलीला टोक करणारं यंत्र. भात झाला की गाणं म्हणणारा कुकर. गौरीच्या अगदी पायाशी बोटभर जाडीचा टीव्ही, त्यात नुसत्या मुंग्या दिसत होत्या, पण दिसत होत्या ना! आणि एक बोलणारं घड्याळ. बटण दाबलं की आतून एक बाई नाजूक आवाजात काहीतरी सांगायची. बायका गौरीला कुंकू लावायचं विसरून त्या बाईला बोलतं करत होत्या.

"काय म्हणते गं ही?" माझ्या शेजारच्या काकूंनी विचारलं.

"साडेनऊ वाजले म्हणते," शैला म्हणाली.

"कुठले साडेनऊ? आत्ता तर सहा वाजलेत."

"तिकडचे, काकू. ते आपल्या साडेतीन तास पुढे आहेत."

साऱ्या बायका हसल्या. माझ्या मात्र ते डोक्यात बसलं. माझ्या संध्याकाळच्या कुकरची शिट्टी व्हायची तेव्हा शैलाची भांडी घासून, पालथी घालून झालेली असायची. मी केर काढायचे तेव्हा तिची सकाळ केव्हाच उरकलेली. मी जे काही करीन ते ती आधीच करून बसलेली, असं मला वाटायला लागलं, आणि एकदा वाटायला लागलं की ते थांबत नाही. त्या दिवशी मी माईंच्या आराशीसाठी कोरून नेलेल्या कलिंगडाच्या कमळाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. घरी परत आणून मी ते कापून खाल्लं, एकटीने, बियांसकट.

शैला तशी वाईट नव्हती, हीच तर खरी अडचण होती. टेंभा मिरवत असती तर मी चार बायकांत तिची टिंगल करून मोकळी झाले असते. ती आल्या आल्या माझ्याकडे यायची, ओट्यावर पाय सोडून बसायची, माझ्या हातची लसणाची चटणी बोटाने चाटायची आणि विचारलं तर सांगायची. तिकडे टॅक्सीचं दार आपोआप उघडतं, हात लावायचा नाही. चौकात रस्ता ओलांडताना सिग्नल पाखरासारखा आवाज करतो, आंधळ्या माणसाला कळावं म्हणून. कोपऱ्यावर एक मशीन उभं असतं, त्यातून गरम कॉफीचा डबा निघतो.

"राखायला कोण असतं?" मी विचारायची.

"कुणीच नाही गं."

"मग कुणी फोडत नाही?"

"कशाला फोडतील?"

संडासाची बैठक थंडीत गरम होते हे तिने सांगितलं तेव्हा मात्र मी किंचाळले होते. "इश्श! मेल्यांना तिथे पण करमत नाही का?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. ती गेल्यावर मी मोरीत उभी राहून त्या गरम बैठकीचा हेवा केला. खोटं कशाला सांगू.

दोन वर्षांनी ती पुन्हा आली ती टीव्ही घेऊन. बोटभर जाडीचा नव्हे, चांगला मोठा, आणि त्याच्या पोटातच व्हिडिओ. वरून कॅसेट सरकवायची की खाली चित्र. तिच्या नवऱ्याने तिकडच्या गावाचं शूटिंग केलं होतं आणि माईंना ते बघायचं होतं. तिकडची कॅसेट आपल्या व्हिडिओत धड दिसत नाही, म्हणून तो टीव्हीच उचलून आणलेला. पण तिकडची वीज शंभर व्होल्टची. आपली दोनशे तीसची, तीसुद्धा तिच्या मनात असेल तेव्हा. शैला टीव्ही घेऊन आमच्या दुकानात आली. आमच्या ह्यांनी मागचं झाकण उघडलं, आत डोकावले, आणि पाच मिनिटं डोकं बाहेर काढलंच नाही.

"काय झालं भाऊजी?"

"काय न्हाई. बघतोय," हे म्हणाले. "किती नेटकं केलंय बघा. आत कुणी बघायचं न्हाई, तरी सुदिक." मग झाकण बंद करून म्हणाले, "शैलाताई, ह्याला डायरेक लावायचं न्हाई. लावलं की मेला समजा. मी डबा करून देतो."

डबा म्हणजे ट्रान्सफॉर्मर. आपली वीज एका बाजूने घ्यायची आणि दुसऱ्या बाजूने शंभर करून सोडायची. आमच्या दुकानात हाताने फिरवायचं वाइंडिंगचं मशीन होतं. तांब्याची बारीक तार एकाला एक चिकटून बसवायची, एक थर झाला की वर पातळ कागद, त्यावर पुन्हा तार. मध्ये कुणी बोललं की वेढे मोजण्यात चूक व्हायची, म्हणून मला दारात बसवलं होतं, गिऱ्हाइकाला खुणेने थांबवायला. दोन दिवस हे वाकून तार गुंडाळत होते. मग लोखंडी डबा, हिरवा रंग, वर लाल दिवा. तासभर टीव्ही चालवून ह्यांनी माझा हात धरून त्या डब्यावर ठेवला. "बघ. गार हाय का न्हाई? चूक असती तर तापला असता." एवढा खूश झालेला हा माणूस मी लग्नातही पाहिला नव्हता.

टीव्ही तपासायचा म्हणून तीन दुपारी आमच्याकडे होता. त्या तीन दुपारी दुकानाचं शटर निम्मं ओढून आम्ही दोघांनी योकोहामा पाहिलं. ओल्या रस्त्यावर निळ्या-गुलाबी पाट्या. त्यांची अक्षरं वाचता येत नव्हती म्हणून आणखीच सुंदर. समुद्राकाठी आपल्या जत्रेतला असतो तसा पाळणा, पण वीस मजली, आणि त्याच्या पोटात घड्याळ. लिफ्टमध्ये टोपी घातलेली मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्याला कमरेत वाकून नमस्कार करत होती. मी नकळत मान लववली. मग अकराव्या मजल्यावरचं घर आलं. शैलाचं स्वयंपाकघर. ओट्याची लांबी मी डोळ्यांनीच मोजली. नळाखाली हात नेला की पाणी, काढला की बंद. खिडकीतून खाली गाव पसरलेलं. मला वाटलं, हा माझा ओटा. ही माझी खिडकी. नळाखाली त्या हिरव्या बांगड्या आहेत तिथे माझा हात असायचा होता. आणि चित्राच्या मागून पुरुषाचा आवाज आला, "शैला, इकडे बघ ना." मी एकदम ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचं लक्ष खिडकीत नव्हतं, बांगड्यांत नव्हतं. "रंग बघ कसा हाय," एवढंच म्हणाले. ह्यांना कुणाचा हेवा वाटत नव्हता. मला ह्यांचासुद्धा राग आला.

हेवा ही फार मेहनतीची गोष्ट असते. प्रेमात माणूस निवांत बसू शकतो, हेव्यात बसता येत नाही. दुसऱ्याच्या घरातली प्रत्येक वस्तू आपल्याला पाठ असावी लागते. त्या टीव्हीवर किती बटणं होती, कुठलं पिवळं होतं, ते मला आजही सांगता येईल. माझ्या लग्नात रुखवतात काय काय होतं ते येणार नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी माईंच्या माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती. गौर एका बाजूला, टीव्ही टेबलावर, हिरवा डबा टेबलाखाली. कॅसेट लावायची वेळ झाली तेव्हा कुणीतरी विचारलं, "शैला, एवढं धूड विमानातून आणलंस? नवंच्या नवं?"

"नवं कुठलं हो!" शैला हसत म्हणाली. "तिकडे नवीन मॉडेल आलं की लोक जुनं कोपऱ्यावर ठेवून देतात. कचरा न्यायचा वार ठरलेला असतो. आम्ही तिथूनच उचलला. चालू होता की चांगला!"

"अगं बाई! असला कचरा आमच्या दारात टाका म्हणावं!" बायकांत खसखस पिकली.

मी हसले नाही. तीन दुपारी ज्याच्यासमोर मी तोंडात पदर धरून बसले होते, ज्याच्या आतली तार न् तार बघून माझा नवरा गप्प झाला होता, तो कुणीतरी टाकून दिलेला होता. म्हणजे मला हेवा करायलासुद्धा तिथलं नवं मिळालं नाही. त्यांनी फेकलेलं शैलाने उचललं, शैलाने उचललेल्यावर मी जळले. कानशिलं गरम झाली.

"मंदाताई, लाव गं तेवढा. तुला सगळं ठाऊक आहे," असं म्हणून शैला पन्ह्याचा ट्रे आणायला आत गेली.

ठाऊक होतंच. शैलाचं केस वाळवायचं यंत्र दोन्हीकडच्या विजेवर चालायचं, त्यासाठी भिंतीतल्या सॉकेटला तिने तिकडच्या चपट्या पिनांचं अडॅप्टर लावून ठेवलं होतं. टीव्हीची चपटी पिन माझ्या हातात होती. खाली डबा, समोर भिंत. चुकून झालं असं पुढे मी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं. चुकून झालं नाही. मी पिन भिंतीत घातली आणि बटण दाबलं.

फट् असा आवाज झाला. टीव्हीच्या मागून पांढरा धूर निघाला, बायका ओरडल्या, माईंनी गौरीचा पाळणा धरून बाजूला ओढला. त्या गोंधळात मी बटण बंद केलं, पिन उपसली आणि टेबलाखाली वाकून हिरव्या डब्यात घालून ठेवली. एवढी हुशारी मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कामात दाखवली नाही.

ह्यांना दुकानात बोलावणं गेलं. हे आले, टेबलाखाली वाकले आणि आधी डब्यावर हात ठेवला. बराच वेळ हात तिथेच होता. डबा गार होता. मला माहीत होतं आणि आता ह्यांनाही माहीत झालं. मग टीव्ही उचलून उजेडात बघायला म्हणून हे अंगणात गेले, शैला मागोमाग गेली. काही वेळाने हे परत आले आणि उंबऱ्याबाहेरूनच माईंना म्हणाले, "माझ्या वाइंडिंगमदी चूक झाली. माफ करा."

माझ्याकडे पाहिलं नाही. घरी आल्यावरही त्यावर एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही. शैलाने पुढच्या चार दिवसांत टीव्हीचं नावसुद्धा घेतलं नाही, आणि जाताना मला मिठी मारून गेली.

पण गल्लीने नाव घेतलं. "जपानचा टीव्ही जाळणारा" असं ह्यांचं नाव पडलं. लहान मुलांनाही ठाऊक. बायका इस्त्र्या, रेडिओ, मिक्सर दुसरीकडे न्यायला लागल्या. तोंडावर गोड बोलायच्या आणि पिशवी पदराआड धरून आमच्या दुकानावरून पुढे जायच्या. ह्यांना सगळं दिसत होतं. दोन-तीन वर्षांनी ह्यांनी वाइंडिंगचं मशीन गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि शेतातल्या मोटारींची कामं घ्यायला लागले, लांबच्या गावांची, जिथे हे नाव पोचलं नव्हतं.

आणि मी? मी या सगळ्यातून स्वतःसाठी एक दागिना घडवून घेतला. शैलाकडे अकरावा मजला असेल, हात नेला की वाहणारा नळ असेल, साडेतीन तास असतील. पण माझ्याकडे असा नवरा होता की ज्याने माझं पाप, मी न मागता, स्वतःच्या नावावर घेतलं. तिच्या नवऱ्याने घेतलं असतं? त्या मोठ्या कानांच्या? जेव्हा जेव्हा तिचं पत्र यायचं, मग फोन यायला लागले, तेव्हा तेव्हा मी हा दागिना आतल्या आत काढून बघायची. फार समाधान व्हायचं. ह्यांना मात्र कधी विचारलं नाही की तुम्हाला काय वाटतं.

मग वर्षं गेली. पुढचं म्हणून जे काही होतं ते हळूहळू सांगलीतही आलं, पण योकोहामाहून आलं नाही, भलत्याच वाटेने आलं. आता विश्रामबागेत दुकानाचं दार माझ्यासमोर आपोआप उघडतं आणि मी भाजीच्या पिशवीसकट आत जाते, काही वाटत नाही. टीव्ही भिंतीला चिकटला, घड्याळ फोनमध्ये गेलं, फोनमधली बाई मराठीत बोलायला लागली. तरी मला ती जपानी बाई आठवते. न कळणाऱ्या भाषेत तिने सांगितलेली वेळ मला खरी वाटायची. आताची बाई रस्ता सांगते आणि मी तिला खुळी म्हणते. हातात आलं की त्यातलं काहीतरी निघूनच जातं, मग ते कितीही चांगलं चालो. मला त्या वस्तू नको होत्या बहुतेक. त्या नव्या असतानाचे दिवस हवे होते, त्या खिडकीत उभं राहून.

या चैत्रात शैला आली ती माईंचं घर रिकामं करायला. माई जाऊन दोन वर्षं झाली. शैला आणि तिचा नवरा आता पुण्याला असतात. मी मदतीला गेले तर माजघरात तिने सगळं जमिनीवर मांडून ठेवलेलं. ते घड्याळ, तो भाताचा कुकर, डबीएवढ्या चकत्यांवर गाणी वाजवणारं यंत्र, पत्ते साठवायची इलेक्ट्रॉनिक डायरी. सगळं पिवळं पडलेलं.

"ताई, यातलं काही हवं असलं तर घेऊन जा. नाहीतर भंगारवाला येणारच आहे," ती म्हणाली, अगदी सहज, जुनी वर्तमानपत्रं काढावीत तशी.

माझ्या अंगाची लाही झाली. माझी अर्धी जिंदगी तिथे जमिनीवर पडली होती आणि ही म्हणते भंगार! दुसऱ्यांदा हिने माझा हेवा कचऱ्यात काढला. तेव्हा मग मी माझा दागिना बाहेर काढला. म्हटलं, आता दाखवतेच हिला.

"शैले, एक सांगू? तो टीव्ही मी जाळला होता. मुद्दाम. भिंतीत लावला."

ती कुकरभोवती कागद गुंडाळत होती.

"आणि आमच्या ह्यांनी सगळं स्वतःवर घेतलं. मी काही न सांगता. माझ्यासाठी. कुठला नवरा घेईल गं असं?"

"ताई, मी दारातच होते," शैला म्हणाली. "पन्ह्याचा ट्रे घेऊन. मी बघितलं होतं तुला."

तिने कुकरभोवती दोरा आवळला.

"अंगणात मीच भाऊजींना म्हटलं, चूक तुमची झाली म्हणून सांगा. मी चार दिवसांत जाणार, पण ताईला इथेच राहायचंय, याच बायकांत. तिला कुणी दारात उभं करणार नाही. ते तयार नव्हते आधी. मी हात जोडले, तेव्हा हो म्हणाले."

"पण का?" मी म्हटलं. "तुझा एवढा टीव्ही मी जाळला, तुला राग नाही आला?"

"आला ना. पण टीव्ही काय, तसाही कचऱ्यातलाच होता," ती म्हणाली आणि कुकर बाजूला ठेवून दुसरी वस्तू उचलली.

मी रिकाम्या हाताने घरी आले. मोठं मनही तिच्याकडेच निघालं. माझा एकुलता एक दागिना, तोही तिनेच दिलेला, आणि तीस वर्षं तिने एकदाही सांगितलं नाही की तो तिचा आहे. त्या क्षणी तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा अकराव्या मजल्याचाही कधी वाटला नव्हता.

हे पडवीत कुणाचा तरी पंखा उघडून बसले होते. मी चपलाही काढल्या नाहीत.

"अहो, त्या दिवशी शैलाने हात जोडले म्हणून तुम्ही चूक पदरात घेतलीत?"

कुठल्या दिवशी, असं ह्यांनी विचारलं नाही. पेचकस खाली ठेवला. "व्हय."

"तिने सांगितलं नसतं तर?"

"तवा मला लय राग आला हुता," हे म्हणाले. "सांगून टाकलं असतं खरं काय ते."

"म्हणजे माझ्यासाठी नाहीच! तिच्या शब्दासाठी!" मी ओरडलेच. साठीला टेकलेली बाई, उंबऱ्यात उभी राहून सवतीमत्सर करावा तशी. "असं काय होतं हो तिच्या शब्दात?"

ह्यांनी पंख्याचं झाकण बाजूला सरकवलं.

"अंगणात आली ती पहिल्यांदा काय म्हणाली ठाऊक हाय? म्हणाली, भाऊजी, तुमचा डबा चांगला हाय. तुमचं काम चुकल्यालं न्हाई, मी बघितलंय. हात जोडले ते नंतर." मग माझ्याकडे वळले. "आक्खी गल्ली म्हणत हुती, ह्यानं जाळला. म्हणू दे. एका माणसाला ठाऊक हुतं की माझं काम चांगलं हुतं, आन् तिनं तसं म्हणून दावलं. तुला बी ठाऊक हुतं की. तू कवा म्हणालीस?"

चपला काढून मी ह्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले.

"चांगला होता," मी म्हटलं. "डबा चांगला होता तुमचा. टीव्ही मी जाळला."

ह्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"लय चांगला हुता," हे म्हणाले.